मॅटच्या कडेला बसून ज्युदो शिकता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे. वय ३४, नागपुरात दोन वर्षांपासून ज्युदोचा सराव, नुकताच मिळालेला हिरवा पट्टा, आणि रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, गुडघ्याचा लिगामेंट दुखावल्यामुळे डॉक्टरांनी आठ आठवडे मॅटवर उतरायला केलेली मनाई. तुमच्या सरांचे म्हणणे असे की घरी बसू नका, रोज संध्याकाळी ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घालून या आणि कडेला बसून पाहा. याचा खरोखर उपयोग होतो की ही केवळ शिस्तीची गोष्ट आहे, आणि पाहायचेच असेल तर घरी मोबाइलवर जगातले उत्तम खेळाडू पाहिलेले काय वाईट, असे तुम्ही विचारता.

उपयोग होतो, आणि तुमच्या टप्प्यावर तर पुष्कळ होतो. मात्र मॅटवर जसे तुम्ही घाम गाळता तसेच पाहण्याचे काम केले तर. नुसते हजर राहिल्याने काही मिळत नाही. मी २७ वर्षे ज्युदो करतो आहे आणि त्यांतली १६ वर्षे नागपुरात शिकवतो आहे. दुखापतीनंतर परतलेले विद्यार्थी मी दोन्ही प्रकारचे पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

जपानी भाषेत या सरावाला मितोरी गेइको म्हणतात. 'मि' म्हणजे पाहणे, 'तोरी' म्हणजे घेणे, आणि गेइको हे केइको या सराववाचक शब्दाचे जोडशब्दातले रूप. फेकणाऱ्याला आपण रोज ज्या शब्दाने 'तोरी' म्हणतो तोच हा शब्द आहे. पाहणाऱ्यानेही काहीतरी पकडून घ्यायचे असते, ही अपेक्षा त्या नावातच आहे. जपानमधील युद्धकलांच्या जुन्या घराण्यांत प्रवेश घेताना शिष्याकडून शपथ लिहून घेत असत आणि परक्या माणसाला सराव पाहू देत नसत, कारण जाणत्या डोळ्यांनी पाहिलेली विद्या अर्धी हातातून गेली असे ते मानत. अशा ठिकाणी दाराच्या आत बसून पाहायला मिळणे हाच मोठा अधिकार होता.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की ज्युदोची परंपरा 'विचारू नका, फक्त पाहा' अशी नाही. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो १८७७ मध्ये फुकुदा हाचिनोसुके या तेन्जिन शिन्यो र्‍यू घराण्याच्या गुरूंकडे शिकू लागले. एकदा त्यांनी एका फेकीत हात कसा ठेवायचा, पाय कुठे टाकायचा असे विचारले, तेव्हा फुकुदांनी उत्तर देण्याऐवजी त्यांना पुन्हा पुन्हा फेकले, आणि विचारून नव्हे तर करून करून कळेल असे सांगितले. कानोंनी १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी या मंदिरात कोदोकान या आपल्या ज्युदो शाळेची सुरुवात केली ती १२ तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत, म्हणजे जेमतेम २०० चौरस फुटांच्या खोलीत. तिथे एका वेळी दोन जोड्या मोकळेपणाने खेळल्या तरी खूप झाले, त्यामुळे बाकीच्यांनी भिंतीकडेला बसून पाहणे ओघानेच आले असणार. पण कानोंनी शिकण्याचे चार मार्ग मानले: काता (ठरावीक क्रमाच्या हालचालींचा सराव), रांदोरी, व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे. म्हणून तुम्ही कडेला बसाल तेव्हा पाहून जे प्रश्न पडतील ते सराव संपल्यावर सरांना जरूर विचारा. त्यात संकोचाचे काही कारण नाही.

मी स्वतः पाहायला कसा शिकलो ते सांगतो. तिसऱ्या वर्षी माझे हासळीचे हाड मोडले. पडताना उकेमी, म्हणजे सुरक्षित पडण्याची पद्धत, न वापरता हात टेकवला, चूक सर्वस्वी माझी होती. सहा आठवडे हात गळ्यात. तेव्हा आमचा सराव धंतोलीतल्या एका पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये चाले. पहिले तीन दिवस मी सिनेमा पाहावा तसा सराव पाहिला: कोण कोणाला पाडतो, कोण किती जोरात आदळतो. चौथ्या दिवशी सरांनी एका जोडीकडे बोट दाखवून विचारले, "तो उंच मुलगा आत शिरण्यापूर्वी कोणता पाय हलवतो?" ती जोडी तासभर माझ्या समोर होती आणि मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या पायांखेरीज काहीही पाहिले नाही. सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून फेक, करायला वळण्यापूर्वी त्याचे डावे पाऊल प्रत्येक वेळी अर्धी वीत बाहेर सरकत होते आणि टाच किंचित उचलली जात होती. हाड जुळल्यावर मी त्याच्याशी पुन्हा खेळलो, तेव्हा ते पाऊल सरकताना मला दिसले आणि त्याची सेओई नागे मला आयुष्यात पहिल्यांदा अडवता आली. माझ्या ताकदीत तर सहा आठवड्यांत घटच झाली होती.

आता तुम्ही नेमके काय पाहायचे याकडे वळतो. प्रत्येक फेकीचे तीन भाग तुम्हाला शिकवले गेले असतील: कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल ढळवणे, त्सुकुरी, म्हणजे फेकण्यासाठी स्वतःची जागा घेणे, आणि काके, म्हणजे प्रत्यक्ष फेक. कडेला बसलेल्या माणसाची नजर हमखास काकेवर जाते, कारण तिथे माणूस हवेत जातो आणि आवाज होतो. पण त्या वेळी सगळे ठरून गेलेले असते. तुमची नजर त्याआधीच्या अर्ध्या सेकंदावर आली पाहिजे, आणि तीही पाडणाऱ्यापेक्षा पडणाऱ्यावर, म्हणजे उकेवर. उकेची टाच उचलली गेली की तोल पुढे गेला. पायाची बोटे वर आली की मागे गेला. एका खांद्याची पातळी खाली आली की त्या बाजूच्या पायावर वजन आले. ज्या फेकीत यांतले काहीच दिसले नाही आणि तरी माणूस पडला, तिथे बहुधा उकेने सौजन्य दाखवलेले असते किंवा तोरीने नुसते बळ वापरलेले असते. हा फरक डोळ्यांना कळू लागला की तुमच्या स्वतःच्या उचिकोमीतही, म्हणजे प्रत्यक्ष न फेकता फेकीच्या पुन्हा पुन्हा केलेल्या सरावातही, कुझुशी आहे की नाही याची जाणीव तुम्हाला होऊ लागेल.

एकच फेक घेऊन दाखवतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. देआशी बाराई तुम्ही शिकला आहात. समोरच्याचे पुढे येणारे पाऊल जमिनीला टेकत असताना, पण त्यावर पूर्ण वजन पडण्यापूर्वी, आपल्या तळव्याने त्याच्या घोट्याखाली झाडून काढायचे. क्षणभर लवकर केले तर ते पाऊल अजून हवेत असते, तो पाय उचलून घेतो आणि काही घडत नाही. क्षणभर उशीर झाला तर वजन पडलेले असते आणि तुम्ही खांबाला लाथ मारल्यासारखे होते. फेक सोपी दिसते, पण मधली वेळ सापडायला लोकांना वर्षे लागतात, आणि मॅटवर असताना तुम्ही स्वतःचा तोल, पकड आणि भीती यांत इतके गुंतलेले असता की ती वेळ दिसतच नाही. कडेला बसून मात्र दिसते. पहिल्या संध्याकाळी दोन चालणाऱ्या जोड्या निवडा आणि फक्त उकेच्या पावलाकडे पाहा. ज्या क्षणी त्या पावलावर वजन पडू लागते असे वाटेल त्या क्षणी मनात 'आता' म्हणा. तोरीने झाडण्याची वेळ आणि तुमचे 'आता' जुळते का ते तपासत राहा. सुरुवातीला तुमचे 'आता' उशिरा येईल, कारण डोळ्याने पाहून मनाने प्रतिसाद देण्यातच सेकंदाचा सुमारे पाचवा भाग निघून जातो. तीन-चार संध्याकाळींनंतर तुम्ही पाऊल टेकण्याची वाट पाहणे सोडाल आणि ते उचलले जातानाच कुठे पडणार याचा अंदाज घ्याल. पाऊल कळू लागले की नंतर एक दिवस फक्त बाहीवरचा हात पाहा: चांगला खेळाडू झाडण्याच्या क्षणी बाही खाली ओढतो, नवशिका ती स्वतःकडे ओढतो. मग एक दिवस तोरीचा उभा राहिलेला पाय, ज्याच्याकडे कोणीच पाहत नाही. तो गुडघ्यात किंचित वाकलेला आहे की ताठ, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. झाडणारा पाय सगळ्यात शेवटी पाहा.

एका वेळी एकच गोष्ट, हा नियम मी फार आग्रहाने सांगतो. सगळे पाहायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

याला एक जोड आहे. नजरेचा नेमका, स्पष्ट भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले तर साधारण तेवढाच. बाकीची कडेची नजर तपशिलात कमी पडते, पण हालचाल टिपण्यात तरबेज असते. केंदोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीत, यासाठीच एन्झान नो मेत्सुके, म्हणजे दूरच्या डोंगराकडे पाहावे तशी नजर, शिकवतात: प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांच्या दिशेने पाहायचे, पण संपूर्ण शरीर नजरेत ठेवायचे. म्हणून तासाचा पहिला भाग एका ठिकाणी नजर रोखून पाहण्यात घालवा आणि शेवटचा भाग, रांदोरी सुरू झाल्यावर, नजर सैल सोडून पूर्ण मॅट एकदम पाहण्यात. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला लय दिसेल: कोणती जोडी अडकली आहे, कोण थकला आहे, कोणाचा श्वास खांद्यांतून चालला आहे.

कधी पाच मिनिटे डोळे मिटून ऐकाही. चांगल्या उकेमीचा आवाज एकच आणि सपाट येतो, कारण हात आणि अंग एकाच वेळी मॅटला लागतात. आधी 'धप्प' आणि मग 'फट्' असे दोन आवाज आले तर हात उशिरा आला आहे. पावलांचेही तसेच: सरकणारे पाऊल घासल्यासारखे वाजते आणि आपटणारे पाऊल ठोकल्यासारखे. मी हॉलच्या दाराबाहेर चपला काढत असतानाच आत कोण खेळतो आहे हे बहुतेक वेळा ओळखतो.

कोणाला पाहायचे याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. लोक सर्वांत वरच्या पट्ट्याच्या खेळाडूकडे टक लावून बसतात. त्याच्या हालचालीतले अनावश्यक सगळे गळून गेलेले असते, त्यामुळे तुम्हाला पकडायला काही उरतच नाही. तुमच्यापेक्षा एक-दोन पट्टे पुढे असलेल्यांना अधिक पाहा. त्यांच्यात ती गोष्ट अजून घडत असते आणि दिसत असते. त्याखालोखाल नवशिक्यांना पाहा. पिवळ्या पट्ट्याचा मुलगा ओसोतो गारी, म्हणजे समोरच्याचा पाय बाहेरून झाडून त्याला मागे पाडण्याची फेक, करताना डोके मागे टाकतो आणि स्वतःच पडतो, हे सलग वीस वेळा पाहिल्यावर तुम्ही स्वतःही तेच करत होता हे लक्षात येते.

माझी आत्या महालात राहत असे आणि माठावरची लांब पोळी अप्रतिम करी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: कणीक इतकी सैल असते की ती लाटता येत नाही, दोन्ही हातांवर झेलून झेलून कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर टाकायची. घरातल्या मुली तिचे पंजे पाहत आणि त्यांची पोळी फाटे. आत्याचे म्हणणे असे की पोळी पंजाने नाही, कोपराने वाढते, आणि त्याच्याही आधी परातीतली कणीक पाहायची असते. ज्युदो शिकू लागल्यावर मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवले, कारण इथेही नजर हातांवर जाते आणि काम कमरेतून आणि त्याआधीच्या तयारीतून झालेले असते.

आता तुम्ही दोन वर्षे सराव केला आहे, याला महत्त्व का आहे ते सांगतो. २००५ मध्ये लंडनमधील संशोधकांनी बॅले नर्तकांना आणि कापोएइरा या ब्राझिलियन कलेच्या खेळाडूंना दोन्ही प्रकारच्या हालचालींची चित्रफीत दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. ज्याने जी हालचाल स्वतः घोटलेली होती ती पाहताना त्याच्या मेंदूतील हालचालीशी संबंधित भाग अधिक चेतत होते. अनुभवही हेच सांगतो. पहिल्याच आठवड्यातल्या माणसाला कडेला बसवले तर त्याला हातपाय दिसतात. तुम्हाला दाब आणि ओढ दिसेल, कारण ती तुमच्या अंगाला माहीत आहे. पाहताना बोटे आपोआप आवळली गेली, उकेबरोबर तुमचाही श्वास अडखळला, तर पाहणे बरोबर चालले आहे असे समजा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना भांड्यांखालचे टेबलक्लॉथ झटक्यात ओढून काढण्याची करामत पुन्हा पुन्हा दाखवली. जास्त वेळा पाहिलेल्यांना आपल्याला ती जमेल असा विश्वास वाढला, पण करण्यातली कामगिरी वाढली नाही. आठ आठवडे पाहून तुम्हालाही असेच वाटणार आहे. पकडीतून येणारा दाब, समोरच्याचे वजन सरकताना बाहीत होणारा तो सूक्ष्म सैलपणा, पडण्याची भीती मोडणे, यांतले काहीही डोळ्यांतून येत नाही. पाहिल्याने काय शोधायचे ते कळते. ते सापडते मॅटवरच.

घरच्या व्हिडिओंबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. संथ गतीने, थांबवून थांबवून पाहण्याची सोय फार मोलाची आहे आणि आमच्या वेळी ती नव्हती. पण स्पर्धेच्या चित्रफितीत कॅमेरा जे दाखवतो तेच तुम्ही पाहता, आणि निवडून काढलेल्या फितीत फक्त यशस्वी फेकी असतात. क्लासमध्ये एका यशस्वी फेकीमागचे दहा फसलेले प्रयत्न दिसतात आणि कुठे पाहायचे हे तुम्हाला स्वतः ठरवावे लागते. शिवाय ज्यांना तुम्ही पाहता त्यांच्याशीच तुम्हाला आठ आठवड्यांनी खेळायचे आहे. एखादी गोष्ट क्लासमध्ये दिसली आणि नीट कळली नाही, तर रात्री ती फेक मोबाइलवर संथ गतीने पाहा. या क्रमाने व्हिडिओचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते आणि ती इथे लिहिणे मी कर्तव्य समजतो. मुलांची संख्या जास्त आणि मॅट लहान, म्हणून लहान मुलांना अर्धा तास 'बसून बघा' सांगायचे आणि त्याला मितोरी गेइको हे नाव द्यायचे, असे काही ठिकाणी चालते. काय पाहायचे ते सांगितले नाही आणि नंतर काय पाहिले ते विचारले नाही, तर तो सराव नव्हे. मुलाचा वेळ आणि पालकांची फी वाया घालवणे आहे. तुमच्या सरांनी तुम्हाला काय पाहा हे सांगितले नसेल, तर आदराने विचारा: "सर, आज मी कशाकडे लक्ष देऊ?" चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा आनंदच होईल.

बसण्याविषयी. सेइझा, म्हणजे पाय दुमडून गुडघ्यांवर बसणे, तुमच्यासाठी सध्या वर्ज्य आहे. सरांना सांगून खुर्ची घ्या, त्यात अनादर नाही. मॅटच्या कडेपासून दोन मीटर तरी दूर बसा आणि दुखावलेला पाय मॅटच्या दिशेने पसरू नका, कारण रांदोरीत जोडी बाहेर येऊन अंगावर पडते. भिंतीला रेलू नका, मोबाइल पिशवीत ठेवा, शेजाऱ्याशी बोलू नका. पाहणाऱ्याचे लक्ष सैल झाले की खेळणाऱ्यांचेही होते. सरावाच्या आरंभी आणि शेवटी सर्वांबरोबर रेइ, म्हणजे वाकून नमस्कार, करा. वही जवळ असू द्या, पण लिहायचे ते सराव संपल्यावर, तीन ओळींत: आज काय पाहायचे ठरवले, काय दिसले, काय कळले नाही. पाहताना लिहू लागलात तर लिहिण्याच्या वेळात घडलेले निसटते. आणि पूर्ण दोन तास बसण्याचा अट्टहास करू नका. खऱ्या एकाग्रतेने ४० मिनिटे पाहिल्यावर डोके थकते. मेमध्ये तापमान ४५ अंशांवर जाते, संध्याकाळी सातलाही पत्रा तापलेलाच असतो आणि कूलरसमोरची जागा सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा तर ३० मिनिटे पुरेत. जपानमध्ये ऐन उन्हाळ्यात शोच्यू गेइको नावाचा खास सराव असतो. आपल्याकडे मेमधला रोजचा सराव त्याच तोडीचा असतो, त्यामुळे कडेला बसणाऱ्यानेही पाणी पीत राहावे.

गुडघ्याबाबत अंतिम शब्द डॉक्टरांचा आणि फिजिओथेरपिस्टचा. ते ज्या दिवशी परवानगी देतील त्या दिवशी थेट रांदोरीत उतरू नका. पहिला आठवडा उकेमी आणि जागेवरची उचिकोमी. मग ज्याचे पाऊल तुम्ही आठ आठवडे पाहिले आहे अशा एखाद्या समजूतदार सोबत्याला विनंती करा की त्याने पकड घेऊन मॅटभर नुसते सावकाश चालावे. दहा फेऱ्या तुम्ही झाडू नका, फक्त मनात 'आता' म्हणा आणि त्या क्षणी त्याच्या बाहीत काय जाणवते याकडे लक्ष द्या. अकराव्या फेरीला, फिजिओथेरपिस्टची हरकत नसेल तर, चांगल्या पायावर उभे राहून तळवा हलकेच टेकवून पाहा.